समुद्राचा शब्बाथ

(वाचनासाठी शास्त्रभाग : उत्पत्ती १:२०-२८, अनुवाद २२:६, ७, योहान २१:१-१४)

जाळ्यात जे जे सापडले ते सर्व आपले, असे मानण्याचा ख्रिस्ती माणसाला अधिकार आहे काय?

हा प्रश्न कोळ्याचा आहे, आमचा नव्हे, असे आमच्या बमरोलीतील पुष्कळांना प्रथम वाटेल. येथील आपली मराठी कुटुंबे बहुतेक खानदेशातून आलेली. कोणी यंत्रमागावर आहे, कोणी रंगाई-छपाईच्या कारखान्यात. डुमसचा समुद्र सणासुदीला पाहावा, एवढाच आमचा आणि समुद्राचा संबंध. परंतु मे महिन्यातील एका घरसभेत उत्पत्तीचा पहिला अध्याय वाचून झाल्यावर दोन भावांमध्ये या एकाच गोष्टीवरून बराच वाद झाला. एकाचे म्हणणे असे की, देवाने माणसाला समुद्रातील माशांवर सत्ता दिली, मग घेण्यात पाप कसले? दुसरा म्हणाला, बाजारात अंड्यांनी फुगलेले मासे आणि बोटाएवढी पिल्ले एकाच पाटीत पाहिली की घास गोड लागत नाही. दोघेही मंडळीचे जुने सभासद. दोघेही वचनाचे वाचन करणारे. त्यांचा वाद मिटविण्यासाठी नव्हे, तर त्यातील प्रश्न नीट मांडण्यासाठी हा लेख लिहीत आहोत.

प्रथम ज्या माशावरून गोष्ट निघाली त्याची ओळख करून घेऊ. त्याला आपण राणी मासा म्हणतो. अंग गुलाबी, बाजूंवर पिवळसर रेषा, आणि शेपटीच्या वरच्या टोकाला दोऱ्यासारखा लांब तंतू. चांगला वाढला तर वीतभर किंवा त्याहून थोडा मोठा होतो. तापीच्या मुखाजवळचे पाणी गढूळ व गाळाचे. तेथे बोंबील आणि कोळंबी. राणी मात्र दूरच्या, खोल पाण्यातील, तळाशी राहणारा मासा आहे. वेरावळ, मुंबई, रत्नागिरी येथील ट्रॉलर बोटी तळाशी जाळे ओढून तो पकडतात. चैत्र-वैशाखात या बोटींची मोठी धावपळ असते. ऊन डोक्यावर, पाण्याची चकाकी डोळ्यांत, आणि मनात एकच हिशेब : १ जूनच्या आत आणखी एक फेरी होईल काय? कारण १ जूनपासून बंदी सुरू होते, आणि पुढे पावसाळाभर बोट किनाऱ्यावर. म्हणून या शेवटच्या फेऱ्यांत जे मिळेल ते ओढून आणण्याकडे कल असतो. मोठा मासा वेगळा काढला जातो, आणि राहिलेला बारीक ढीग स्वस्तात विकला जातो.

आता शास्त्राकडे वळू. सत्तेविषयीचे वचन उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात अठ्ठाविसाव्या ओवीत आहे, हे आपल्या शब्बाथ शाळेतील मूलही सांगेल. परंतु त्याच अध्यायाची बाविसावी ओवी आपण किती वेळा थांबून वाचतो? पवित्र शास्त्रात आशीर्वाद ही गोष्ट पहिल्यांदा कोठे येते? माणसाच्या संदर्भात नव्हे. पाचव्या दिवशी देवाने जलचरांना व पक्ष्यांना निर्माण केले आणि त्यांना आशीर्वाद दिला की, त्यांनी फळावे, वाढावे आणि समुद्राचे पाणी भरून टाकावे. माणूस तेव्हा अजून घडविलाही गेला नव्हता. सहाव्या दिवशी माणसाला सत्ता मिळाली, तेव्हा माशांवर देवाचा आशीर्वाद आधीच होता.

हा क्रम महत्त्वाचा आहे. एखाद्या धन्याने आपल्या मुलाला मळ्याची वाटणी आधीच लिहून दिली, आणि मग कारभारी नेमला, तर कारभाऱ्याची सत्ता त्या वाटणीच्या आतली असते, तिच्यावरची नव्हे. कारभारी मळ्यातील फळ खाईल. परंतु मुलाला दिलेले वचन तो रद्द करू शकत नाही. त्याचप्रमाणे मासा खाण्याची परवानगी आपल्याला आहे. प्रभूने स्वतः तो निखाऱ्यांवर भाजून शिष्यांना खावयास दिला. परंतु माशांना मिळालेला वाढण्याचा आशीर्वाद मोडून टाकण्याची परवानगी आपल्याला कोठेही दिलेली नाही. एक मासा घेणे निराळे, आणि माशांची पुढील पिढीच घेणे निराळे. पहिले देणगीचा उपभोग आहे, दुसरे देणगीवरच हात टाकणे आहे.

मोशेच्या नियमशास्त्रात हा भेद एका लहानशा आज्ञेत दाखविला आहे. वाटेने जाताना पक्ष्याचे घरटे आढळले आणि मादी अंड्यांवर किंवा पिल्लांवर बसलेली असली, तर पिल्ले घ्यावी, पण आईला सोडून द्यावे, असे अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात सांगितले आहे. आज्ञा इतकी लहान की वाचताना डोळ्यांखालून निसटून जाते. पण तिच्याबरोबर दिलेले वचन पाहा : तुझे कल्याण व्हावे व तुला दीर्घायुष्य लाभावे. हेच वचन आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेबरोबर दिलेले आहे. घरट्यातील आई आणि घरातील आई, दोघींच्या बाबतीत देवाने एकच वचन द्यावे, यात आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ज्या उगमातून जीवन येते त्याचा मान राख, म्हणजे तुझे जीवनही टिकेल.

दुसरी आज्ञा शेताची. पीक कापताना शेताच्या कडा अगदी शेवटपर्यंत कापू नयेत, विसरलेली पेंढी आणावयास परत जाऊ नये. ती गरिबासाठी, परक्यासाठी, विधवेसाठी राहू द्यावी. याच आज्ञेमुळे रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचू शकली, आणि तिच्या वंशात दावीद जन्मास आला. शेताची कडा म्हणजे मालकाच्या हातांना घातलेली मर्यादा. समुद्राला कडा नाही, बांध नाही. मग कोळ्याच्या बाबतीत ही मर्यादा कोठे ठेवावयाची? आम्हाला वाटते, ती जाळ्याच्या भोकात. जाळे दोरीने विणलेले असते हे खरे. पण कोणता मासा यावा आणि कोणता सुटावा हे भोक ठरविते. गुजरातच्या मत्स्योद्योग कायद्याप्रमाणे ट्रॉल जाळ्याच्या शेवटच्या पिशवीचे भोक ४० मिलिमीटरचे, चौकोनी असले पाहिजे. ओढ पडली की साध्या जाळ्याची भोके मिटतात, चौकोनी उघडी राहतात, आणि पिल्ले निसटून जातात. त्या उघड्या भोकातून जो मासा गेला, ती उद्याच्या गरिबासाठी शेतात सोडलेली पेंढी समजावी. जो तांडेल जास्त मिळावे म्हणून बारीक भोकाची पिशवी लावतो, तो शेताची कडाही कापून नेतो.

येथे आपले बंधू एक आक्षेप घेतील, आणि तो योग्य आहे. प्रभूनेच शिमोनाचे जाळे फाटेपर्यंत भरले नाही काय? पुनरुत्थानानंतर तिबिर्य समुद्राच्या किनारी पुन्हा एकशे त्रेपन्न मासे दिले नाहीत काय? दिले. देवाची उदारता आमच्या मापाची नाही, आणि तिला आम्ही माप लावू इच्छित नाही. परंतु दोन गोष्टी लक्षात घ्याव्या. शिमोनाने ते जाळे प्रभूच्या शब्दावरून टाकले होते, आपल्या हावेवरून नव्हे; आणि त्या अमाप लाभानंतर त्याने दुसरी बोट घेतली नाही, तर सर्व सोडून तो प्रभूच्या मागे गेला. दुसरी गोष्ट अशी की, जो प्रभू पाच भाकरी व दोन मासळ्या पाच हजारांना पुरवितो, तोच जेवण झाल्यावर उरलेले तुकडे गोळा करण्यास सांगतो, काहीही वाया जाऊ नये म्हणून. ज्याला कशाचीच उणीव नाही तो तुकड्यांची काळजी करतो. मग ज्यांच्याजवळ मोजकेच आहे, त्यांनी पिल्लांचे ढीग फुकट घालवावे काय?

पूर्वी आमच्या किनाऱ्यावर ही मर्यादा कोणी शिकवावी लागत नव्हती. ज्येष्ठ-आषाढात समुद्र खवळला की शिडाच्या होड्या वर ओढल्या जात आणि नारळी पौर्णिमेपर्यंत तेथेच राहत. तो काळ पुष्कळ माशांच्या अंडी घालण्याचा व पिल्ले वाढण्याचा. कोळ्याच्या जिवाची भीती आणि माशाच्या पिढीचे रक्षण, ही दोन्ही कामे एकच वादळ करीत होते. पुढे होड्यांना यंत्रे आली, मोठे ट्रॉलर आले, बर्फ आला, आणि समुद्राचे भय कमी झाले. जे पूर्वी वारा सांगत असे, ते आता कायद्याला सांगावे लागते. महाराष्ट्रात १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा आहे, गुजरातेत २००३ चा कायदा आहे. आणि २०१५ सालापासून पश्चिम किनाऱ्यावरील किनारी हद्दीपलीकडच्या समुद्रात १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीस केंद्र सरकारची बंदी असते. बिनयंत्राच्या होड्यांना तीतून सूट आहे.

या एकसष्ट दिवसांना आम्ही समुद्राचा शब्बाथ म्हणतो. देवाने इस्राएलाला फक्त माणसासाठी विसावा सांगितला नाही. बैलासाठी, गाढवासाठी आणि सातव्या वर्षी जमिनीसाठीही सांगितला. जमिनीचा तो विसावा इस्राएलाने पाळला नाही. मग काय झाले? इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या अखेरीस लिहिले आहे की, लोक बाबेलला पाडाव होऊन गेले तेव्हा ओसाड पडलेल्या भूमीने आपले चुकलेले शब्बाथ भोगून घेतले. हे वाचून अंगावर काटा येतो. विसावा आपण दिला नाही म्हणून तो टळत नाही. तो उशिरा येतो, आणि आपल्याला घराबाहेर काढून येतो.

समुद्राच्या बाबतीतही असे घडलेले आहे. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर कॉड माशांची समृद्धी जगप्रसिद्ध होती. जवळजवळ पाचशे वर्षे युरोपच्या बोटी तेथे जात होत्या. विसाव्या शतकात प्रचंड ट्रॉलर आले, आणि कॉड इतका घटला की १९९२ च्या जुलै महिन्यात सरकारला तेथील मासेमारी बंद करावी लागली. सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ही बंदी औपचारिकरीत्या उठली ती २०२४ साली. दरवर्षी काही आठवड्यांचा शब्बाथ जड वाटतो, त्यांनी या बत्तीस वर्षांच्या शब्बाथाचा विचार करावा.

उलट बाजूचे उदाहरण आपल्याच देशात आहे, आणि ते याच राणी माशाचे आहे. केरळात त्याला किळिमीन म्हणतात. तेथील सरकारने २०१५ साली १४ जातींच्या आणि २०१७ साली आणखी ४४ जातींच्या माशांसाठी कमीत कमी लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा पकडू नये, विकू नये. किळिमीनासाठी ही लांबी १२ सेंटिमीटर आहे, म्हणजे अर्ध्या वितीहून जरा जास्त. कोची येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने पुढे पाहणी केली तेव्हा या नियमानंतर किळिमीनाचे उत्पादन वाढल्याचे दिसून आले. ज्यांनी लहान मासा सोडला, त्यांच्याच जाळ्यात तो मोठा होऊन परत आला. महाराष्ट्रानेही २०२३ साली ५४ जातींसाठी अशी लांबी ठरविली आहे.

येथपर्यंत वाचून काही वाचक म्हणतील, लेखकाने प्रश्न सोडविला. लहान मासा घेऊ नये, बंदी पाळावी, झाले. पण आम्हाला खरी अडचण येथेच सुरू होते असे वाटते. मर्यादा सांगणे सोपे असते. तिची किंमत कोण देतो?

आमच्या वस्तीत महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जी बहीण बाजारात जाते तिला मोठा पापलेट परवडत नाही. बारीक राणीची पाटी तिला परवडते. तिच्या मुलांच्या ताटात त्या दिवशी पडणारी ती एकच पौष्टिक वस्तू असते. तिला आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे की, हा मासा तुझ्यासाठी नाही? आणि बोटीवरील खलाशी? वलसाड, पालघर या भागांतील कित्येक तरुण वेरावळ, पोरबंदर, ओखा येथील बोटींवर कामास जातात. कित्येक दिवसांच्या फेऱ्या, उघड्या डेकवर झोप, आणि मासळीच्या शोधात बोट सरहद्दीपलीकडे गेली तर पाकिस्तानच्या तुरुंगात कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे. जाळ्याचे भोक केवढे असावे हे तो ठरवीत नाही. पण बोट किनाऱ्याला लागली की त्याची मजुरी बंद होते. समुद्राला विसावा मिळतो आणि त्याच्या चुलीलाही मिळतो. हा शब्बाथ देवाच्या मनातील शब्बाथ आहे काय?

नाही. मान्नाची गोष्ट आठवा. सातव्या दिवशी रानात मान्ना पडत नसे. पण म्हणून त्या दिवशी कोणी उपाशी राहत नसे, कारण सहाव्या दिवशी देव दुप्पट देत असे. ज्या देवाने विसाव्याची आज्ञा केली त्याने विसाव्याच्या दिवसाचे अन्न आधी पुरविले. आज्ञा आणि तरतूद एकाच हातातून आल्या. मग जो समाज खलाशाला एकसष्ट दिवस थांब म्हणतो, पण त्या दिवसांची भाकर पुरवीत नाही, तो देवाची अर्धीच आज्ञा पाळतो. सरकारने काही तरतूद केली आहे हे सांगणे न्यायाचे होईल. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत अशी सोय ठेवली गेली की, पात्र मच्छीमाराने वर्षात १,५०० रुपये साठवावे, सरकारने त्यात ३,००० घालावे, आणि बंदीच्या काळातील तीन महिन्यांत मिळून ४,५०० रुपये त्याला द्यावे. पण महिन्याला दीड हजारात घर चालते काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

आणि गरिबाच्या नावाने जो युक्तिवाद केला जातो, तोही जरा तपासून घ्यावा. जाळ्यात आलेली सर्व बारीक मासळी गरिबाच्या ताटात जाते असे नाही. तिचा मोठा भाग सुकवून, दळून कोंबड्यांच्या व कोळंबीच्या खाद्यासाठी कारखान्यांत जातो. राणीच्या मांसाचा लगदा करून तो परदेशी पाठविण्याचे कारखाने वेरावळ व रत्नागिरी येथे आहेत. त्याला सुरिमी म्हणतात, आणि त्यापासून खेकड्याच्या चवीचे पदार्थ बनवितात. म्हणजे पिल्ले ओढून काढण्याचा लाभ पुष्कळदा दूर कोठे तरी जातो, आणि समर्थन मात्र बमरोलीच्या बहिणीच्या नावाने होते. पाच वर्षांनी राणी दुर्मिळ झाला, तर तो प्रथम तिच्याच पाटीतून नाहीसा होईल. श्रीमंताच्या ताटातून सर्वांत शेवटी.

म्हणून आमचे मत असे आहे. हाती आलेले सर्व आपले नव्हे. माशांना मिळालेला देवाचा आशीर्वाद आपल्या अधिकाराच्या आधीचा आहे, आणि त्याला मान देणे हे कायद्यापुरते नव्हे तर विवेकाचे कर्तव्य आहे. पण जो दुसऱ्याला मर्यादा सांगतो, त्याने तिची किंमत वाटून घेतली पाहिजे. किंमत न देता सांगितलेली मर्यादा हा उपदेश नव्हे. ते केवळ दुसऱ्याच्या खांद्यावर ओझे ठेवणे आहे, आणि अशा ओझ्यांविषयी प्रभू शास्त्री-परूश्यांना काय म्हणाला हे आपल्याला ठाऊक आहे. अंत्युखियाच्या मंडळीने यहूदीयातील दुष्काळाची बातमी ऐकली, तेव्हा त्यांनी दुष्काळावर प्रवचन केले असे लिहिलेले नाही. प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे काही काढून ठेवले आणि बर्णबा व शौल यांच्या हाती पाठविले.

हे आपल्या मंडळीत कसे करावे? मोठ्या गोष्टी सुचविण्यात अर्थ नाही. ज्याला निवड करणे शक्य आहे त्याने बोटाएवढी मासळी घेऊ नये, आणि विकणाऱ्या बाईला नम्रपणे कारण सांगावे. ज्या घरी तो एकच घास आहे, त्या घराला दोष देऊ नये. जून व जुलै महिन्यांत आठवड्यातून एक दिवस मासळीचे पैसे घरात वेगळे काढावे, आणि ऑगस्टच्या आरंभी मंडळीने ती रक्कम किनाऱ्यावरील एखाद्या खलाशाच्या कुटुंबाकडे पोहोचवावी. तो ख्रिस्ती असो वा नसो; वादळ कोणाचा धर्म विचारीत नाही. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी निर्मितीचा धडा घेताना मुलांना एक प्रश्न अवश्य विचारावा : देवाने पहिला आशीर्वाद कोणाला दिला? मुले बहुधा आदाम म्हणतील. मग त्यांनाच ओवी शोधू द्यावी. पट्टीवर १२ सेंटिमीटर मोजून तेवढा मासा वहीत काढण्यास सांगावे. जी गोष्ट हाताने मोजली ती मुलाच्या स्मरणात राहते.

शेवटी एक गोष्ट. आम्ही यंत्रमागाच्या गावात राहतो, आणि मीटरवर मजुरी घेणारा कामगार विसाव्याची किंमत चांगली ओळखतो. माग बंद तर मजुरी बंद. म्हणून थांबलेल्या बोटीवरच्या माणसाचे दुःख समजण्यास आम्हाला दूर जावे लागत नाही. तो आमचा शेजारी आहे. ज्या देवाने समुद्र भरून टाकण्याचे वचन माशांना दिले, तोच त्या माणसाच्या घरची रिकामी डबी पाहतो. पहिल्याची भरती आणि दुसऱ्याची भाकर, या दोहोंसाठी त्याने आपल्याला कारभारी नेमले आहे. कारभाऱ्यांच्या ठायी हेच पाहतात की ते विश्वासू आहेत की नाहीत. प्रभू आपल्याला तशी कृपा देवो.